टेक्सासचं हरीण, निलंग्याचा हरभरा आणि काडतुसाचा घोळ

पत्र: काका, नमस्कार. मी निलंगा तालुक्यातला, सध्या ऑस्टिनला आयटीत आहे, एच-वन-बी वर. ऑफिसातल्या एका मित्राचं हिल कंट्रीत, म्हणजे इथल्या डोंगराळ भागात, रँच आहे, नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला चल म्हणून लई मागं लागलाय. रायफल घ्यावी म्हणतोय. दुकानदार म्हणतो ३०० विन मॅग घे, मित्र म्हणतो ३०-०६ शिवाय जगात दुसरं काही नाही, यूट्यूबवर बघावं तर सगळे ६.५ क्रीडमूरच्या नावानं नाचायलेत. मी एनसीसीत पॉइंट टू टू चालवलीय, तेवढाच अनुभव. दुसरं म्हणजे, बाबा फोनवर विचारत होते की हरभऱ्यात हरणं लई माजलीत, घरात आजोबांची बारा बोर आहे, त्यात कोणतं काडतूस चालंल? दोन्हीचं सांगा.

उत्तर:

बाळा, दोन्हीचं सांगतो, पण तू जिथून सुरू केलंस तिथून नाही. काडतूस नंतर बघू. तू एच-वन-बी वर आहेस हे पत्रात सहज लिहून टाकलंस, पण तुझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तुझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्याला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे, आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला तुझ्या कामाचा एक म्हणजे तिथल्या कुठल्यातरी राज्याचं चालू मुदतीतलं शिकारीचं लायसन. म्हणजे आधी लायसन, मग दुकान. मित्राची रायफल 'जरा बघू' म्हणून हातात घ्यायच्या आधीसुद्धा लायसन काढून ठेव, कारण तिथं बाळगणं म्हणजे निस्तं विकत घेणं नसतं. दुकानात जो फॉर्म भरून घेतात त्यात व्हिसाचा प्रश्न असतो, तिथं खरं तेच लिहायचं, हो-नाहीचा गोंधळ करून ठेवू नको. तुझं ग्रीन कार्ड पुढं कधीतरी येणारच आहे ना, मग एका हरणापायी फाईलवर डाग कशाला?

टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, म्हणजे तुला लागतोच. कोर्स काही अवघड नाही, आणि एनसीसीत जे शिकवलं त्यातलं निम्मं तिथं परत भेटंल. एक वर्षाची सवलत मिळवून कोर्स पुढं ढकलता येतो म्हणून मित्र सांगंल, पण तू ढकलू नको, करूनच जा. आपल्याकडच्या पोराला बंदुकीची सवय नसते ही गोष्ट खरी आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता काडतूस. हे ३००, ३०-०६, ६.५ असले आकडे म्हणजे काडतुसांची नावं, आणि रायफल त्यातल्या एकाच काडतुसासाठी बनवलेली असते. मी आयुष्य आर्मररच्या, म्हणजे बंदुका दुरुस्त करायच्या, कामात काढलं, ७.६२ ची एसएलआर ही फौजी रायफल खोलून जोडून हाताला घट्टे पडले, त्यामुळं माझं मन आपोआप ३०८ कडं झुकतं, कारण ते त्याच मापाचं सिव्हिल रूप. पण मनाचं काय, सल्ला तुझ्या खांद्याकडं बघून द्यायचा असतो.

दुकानदाराचं ३०० विन मॅग आधी बाजूला ठेव. काडतूस वाईट नाही, एल्क नावाचं जे घोड्याएवढं जनावर असतं त्याच्यासाठी, लांबच्या अंतरासाठी लोक वापरतात. पण हिल कंट्रीतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण लहान असतं, आणि तिथं बहुतेक वेळा एका खोक्यासारख्या मचाणात बसून शंभर यार्डांच्या, म्हणजे नव्वद-एक मीटरच्या, आसपास लावलेल्या मक्याच्या फीडरवर नजर ठेवायची असते. हो, टेक्सासात खासगी जमिनीवर मका टाकून हरीण बोलवायला कायद्यानं परवानगी आहे, आपल्याकडच्या शेतकऱ्याला ऐकून हसू येईल, इथं आपण मका वाचवायला रात्र जागतो. तर शंभर यार्डांवरच्या तेवढ्याशा जनावराला मॅग्नम कशाला? सारख्याच वजनाच्या रायफलीत ३०० मॅग्नमचा धक्का २४३ नावाच्या हलक्या काडतुसाच्या दुपटीच्याही वर जातो. पॉइंट टू टू वरून थेट त्याच्यावर उडी मारलीस तर तिसऱ्या-चौथ्या गोळीपासून तुझे डोळे ट्रिगरच्या आधीच मिटायला लागतील, आणि एकदा ती सवय लागली की घालवायला लई दिवस जातात. वरून स्कोपच्या, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीच्या, जवळ डोळा नेऊन बसलास तर भुवईवर अर्धचंद्र उमटतो, तिकडच्या प्रत्येक रेंजवर असा एखादा तरी गडी दिसंल.

राहिली ३०-०६, जिला ते थर्टी ऑट सिक्स म्हणतात. ०६ म्हणजे १९०६, त्या साली अमेरिकन सैन्यानं घेतली म्हणून ते नाव. तुझा मित्र म्हणतो ते चूक नाही, सव्वाशे वर्षं होत आली तरी ती चालतेय ती काही उगाच नाही. पण धक्का ३०८ पेक्षा थोडा जास्तच, आणि तुला शंभर-दीडशे यार्डांवर त्या जास्तीच्या बारुदाचा उपयोग शून्य. मित्राकडं जुनी, सेट केलेली ३०-०६ असंल आणि तो तीच वापरायला देत असंल तर खुशाल वापर, नवीन घ्यायची गरजच नाही. फक्त १५० ग्रेनची गोळी घे, १८० ची नको. ग्रेन हे वजनाचं माप, १५० ग्रेन म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास, एवढासा तुकडा सेकंदाला साडेआठशे मीटरच्या वेगानं जातो म्हणून तर सगळा खेळ.

खरी निवड २४३, सेव्हन एमएम झिरो एट, ६.५ क्रीडमूर आणि ३०८ या चौघांतच आहे. त्यातली २४३, सेव्हन झिरो एट आणि ३०८ ही सख्खी भावंडं, ३०८ ची पितळी केस १९५२ ची, तिचाच गळा आवळून १९५५ ला २४३ काढली आणि १९८० ला सेव्हन झिरो एट. केस तीच, गोळीची जाडी आणि वजन वेगळं. २४३ ला १०० ग्रेनपर्यंतची हलकी गोळी, धक्का सगळ्यात कमी, तिकडं पोरांना आणि नवशिक्यांना पहिली रायफल म्हणून हीच देतात. पण हलकी गोळी चूक माफ करत नाही, खांद्याच्या जाड हाडात बसली तर आत पुरेशी जाईलच असं नाही, म्हणून तिच्यात गोळी चांगली निवडावी लागते आणि नेम आणखी चांगला लागतो. सेव्हन झिरो एट मला स्वतःला या सगळ्यांत हरणासाठी सगळ्यात नेमकी वाटते, १४० ग्रेनची गोळी, बेताचा धक्का, पण छोट्या गावातल्या दुकानात तिची काडतुसं दरवेळी मिळतीलच असं नाही.

म्हणून तुला ६.५ क्रीडमूर घे म्हणतो. यूट्यूबवाले नाचतात म्हणून नाही. हॉर्नाडी कंपनीनं २००७ मध्ये ते टार्गेट शूटिंगसाठी काढलं आणि नंतर शिकाऱ्यांनी उचललं. धक्का २४३ पेक्षा जास्त पण ३०८ पेक्षा बराच कमी, गोळी लांब आणि निमुळती त्यामुळं वाऱ्यात कमी सरकते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काडतुसं तिकडं जवळपास कुठल्याही दुकानात मिळतात, म्हणजे तू सराव करशील. जे काडतूस मिळायला अवघड ते लोक जपून जपून वापरतात आणि नेम कच्चाच राहतो. दोनशे यार्डांपर्यंत तर या सगळ्यांच्या गोळीच्या पडण्यात जो फरक आहे तो बोटभराचा. शंभर यार्डांवर नेम बरोबर जुळवलेली ६.५ ची गोळी दोनशेवर साडेतीन इंचाच्या आसपास खाली येते, ३०८ थोडी जास्त, २४३ थोडी कमी, संपलं. आणि हरणाचं काळीज-फुप्फुस मिळून जो भाग असतो तो आठ-दहा इंचाचा. मग भांडण कशाचं चाललंय सांग बरं?

तिकडं जुने शिकारी असं धरतात की हरणापर्यंत पोचताना गोळीत हजार फूट-पाउंड (ताकद मोजायचं तिकडचं माप) तरी ताकद उरली पाहिजे. हा काही कायदा नाही, अंदाज आहे, पण २४३ सुद्धा दोनशे यार्डांवर हजाराच्या वर असते. म्हणजे ताकदीचा प्रश्न चौघांतही येतच नाही.

खरा प्रश्न गोळीच्या बनावटीचा, आणि दुकानात पोरं नेमकी इथंच फसतात. ६.५ चं डबं हातात घेतलंस की हॉर्नाडीचीच दोन दिसतील, दोन्हींच्या गोळीला पुढं लालचुटुक प्लॅस्टिकचं टोक, दोन्हींवर ईएलडी लिहिलेलं, वजनातही फक्त तीन ग्रेनचा फरक. १४० ग्रेनवाल्यावर 'मॅच' लिहिलेलं असंल, ती कागदावर भोकं पाडायला. १४३ वाल्यावर 'ईएलडी-एक्स', ती शिकारीची. टोकाच्या रंगावर जाऊ नको, डब्यावरचं अक्षर वाच. मॅचची गोळी जनावराच्या अंगात गेल्यावर कशी वागंल याची खात्री नसते, कधी सरळ आरपार, कधी वरवरच फुटून जाते, आणि जनावर हाल हाल होऊन मरतं. फुल मेटल जॅकेट म्हणजे आपल्या फौजी गोळीसारखी पूर्ण झाकलेली, ती तर अजिबात नको, सुईसारखी निघून जाते, बऱ्याच राज्यांत शिकारीला तिच्यावर बंदीच आहे. शिकारीची गोळी पुढून उघडी किंवा मऊ टोकाची असते, अंगात शिरली की पसरून जवळपास दुप्पट रुंद होते आणि तिथंच ताकद सोडते. फार विचार करायचा नसंल तर साधी मऊ टोकाची घे, रेमिंग्टनची कोअर-लोक्ट १९३९ पासून चालू आहे, शंभर यार्डांवर तिच्यापुढं महागड्या गोळ्या काही जास्तीचं करत नाहीत. उद्या कंपनीनं तुला कॅलिफोर्नियाला पाठवलं तर मात्र शिशाची गोळी चालणार नाही, तिथं २०१९ पासून शिकारीला शिसंच बंद आहे, तांब्याची घ्यावी लागंल. ओहायोला गेलास तर आणखी निराळं, तिथं हरणाला गळा आवळलेलं काडतूस चालत नाही, सरळ केसचंच लागतं, म्हणजे वरच्या चौघांतलं एकही नाही. आणि तुझी एनसीसीवाली पॉइंट टू टू टेक्सासात हरणाला चालत नाही, रिमफायरला, म्हणजे बुडाच्या काठावर ठोका बसून उडणाऱ्या असल्या काडतुसाला, तिथं बंदी आहे. पण सरावाला ती सोन्यासारखी, स्वस्तात पाचशे गोळ्या मारता येतात.

अजून एक बघायची सवय लावून घे. रायफलीच्या नळीवर काडतुसाचं नाव कोरलेलं असतं, आणि काडतूस उलटं करून पितळेच्या बुडाकडं बघितलं तर तिथं गोल फिरवून तेच नाव ठोकलेलं असतं. दोन्ही अक्षर-अक्षर जुळलं पाहिजे, तरच आत घालायचं. मित्राच्या ट्रकमध्ये चार प्रकारची काडतुसं एकाच डब्यात पडलेली असतात, अंधारात सगळी सारखीच लागतात. वरची भावंडं म्हणून जी सांगितली त्यांची तर केसच एक, त्यामुळं चुकीचं काडतूस कधी कधी आत बसतंसुद्धा, आणि मग फुटलं की तोंडाजवळ फुटतं.

सराव कसा करायचा ते थोडक्यात सांगतो. रेंजवर मित्राला म्हणावं तू भर, मला दाखवू नको, आणि मधूनच एक खोटं काडतूस घाल. खोट्यावर ट्रिगर ओढताना नळी खाली झुकली किंवा खांदा पुढं आला तर समजायचं की तू आवाजाला आणि धक्क्याला घाबरायलास, मग थांबून पॉइंट टू टू वर परत यायचं. कानाला मफ लाव, मचाणात बसूनसुद्धा लाव, त्या खोक्यात आवाज बाहेरच्यापेक्षा जास्त बसतो. आणि रेंजवर टेबलावर टेकवून मारलेल्या नेमाला भुलू नको, मचाणाच्या खिडकीच्या काठावर बसून मारायचंय तर तसंच बसून मार. कागदाच्या ताटलीएवढ्या गोलात शंभर यार्डांवर दहापैकी दहा बसल्या तर जा, नऊ बसल्या तर अजून एक आठवडा.

हरीण आडवं उभं राहीपर्यंत थांब. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, अंगाच्या उंचीच्या खालून एक तृतीयांशावर. टेकडीच्या माथ्यावर आभाळाला टेकून उभं असंल तर मारायचंच नाही, कारण चुकलेली गोळी काही किलोमीटर जाते आणि पलीकडं कुणाचं घर आहे तुला माहीत नसतं. लागल्यावर लगेच पळत सुटू नको, दुसरं काडतूस आत घे आणि निदान अर्धा तास बस. मग जाऊन जमिनीवरचं रक्त बघ, गुलाबी आणि फेसाळ असंल तर फुप्फुसाला लागलीय, जवळच सापडंल. काळपट लाल असंल तर यकृताला, अजून थांब. हिरवट आणि घाण वास असंल तर पोटात गेलीय, मग बरेच तास थांबून मित्राला सोबत घेऊन हळूहळू माग काढायचा, मध्येच सोडून घरी यायचं नाही.

आता बाबांचं. बाबांना सांग, कोणतंच काडतूस नाही.

आपल्याकडं हरभऱ्यात घुसतात ती बहुतेक काळवीटच. कळपात माद्या आणि पिल्लं जास्त असतात, मादीला शिंगं नसतात, रंग पिवळट तपकिरी, म्हणून लोक म्हणतात ही तर साधी हरणं, काळवीट काळं असतं. तसं नाही, तीच ती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काळवीट आहे, तीन ते सात वर्षं शिक्षा, वर दंड, बंदूक जप्त, मारलेलं नेलं त्या गाडीसकट जप्त. जोधपूरची केस सगळ्या देशानं बघितली, घटना १९९८ ची आणि पाच वर्षांच्या शिक्षेचा निकाल २०१८ ला, म्हणजे वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या, तेही ज्याच्याकडं वकिलांची फौज होती त्याला. बारा बोरच्या लायसनवर पीक संरक्षण असं लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ जनावर मारायची मुभा असा होत नाही, तो कायदा वेगळा आणि हा वेगळा, आपल्याकडं यातच अर्धे लोक अडकतात. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांच्याबाबतीत वनविभागाची रीतसर परवानगी घेऊन मारायची तरतूद आहे, पण तिथंही परवानगीचा कागद आधी हातात पाहिजे. काळवीटाला त्यातलं काही लागू नाही.

आणि बंदूक आजोबांची म्हणतोस, तर लायसन कुणाच्या नावावर आहे? आजोबा गेले असतील आणि लायसन त्यांच्याच नावावर असंल तर ती बंदूक आज घरात असणंच बेकायदा आहे. बंदूक शेतासारखी वारसानं आपोआप येत नाही. ती आधी पोलीस ठाण्यात नाहीतर लायसनवाल्या डीलरकडं जमा करायची, आणि ठेवायचीच असंल तर वारस म्हणून कलेक्टर ऑफिसात अर्ज करायचा. निजामाच्या काळापासूनच्या अशा कितीतरी बंदुका आपल्याकडं माळवदावर धूळ खात पडल्यात, घरच्यांना त्याचं काही वाटत नाही, निवडणुकीच्या वेळी पोलीस जमा करायला आले की मग पळापळ.

हरभऱ्याचं नुकसान झालं असंल तर बाबांनी उशीर न करता वनविभागाकडं अर्ज द्यावा, मोबाईलवर खाल्लेल्या ओळींचे आणि खुरांचे फोटो काढून ठेवावेत, सातबारा जोडावा. पंचनाम्याला वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक येतात, तोवर रान नांगरू नये. पैसे तुटपुंजे मिळतात आणि हेलपाटे लई, हे मी नाकारत नाही, निलंग्यातला कुणीही शेतकरी हेच सांगंल. सौर कुंपणाचं अनुदान सध्या चालू आहे का तेही त्याच ऑफिसात विचारावं, त्याचा झटका तुटक तुटक असतो, जनावर दचकतं पण मरत नाही. मेन लाईनचा करंट तारेत सोडायचा नाही म्हणजे नाही, दरवर्षी माणसं जातात त्यात, रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारीच जातो.

बाकी शिकार झाली तर फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नको, इथं कुणाला टेक्सास आणि निलंगा यातला फरक कळायच्या आधीच तो वनविभागाकडं फॉरवर्ड झालेला असंल आणि चौकशी बाबांकडं येईल. शिंगं तिकडंच भिंतीवर लाव, कस्टमला समजावत बसू नको. आणि दिवाळीला नाहीतर डिसेंबरात गावाकडं येताना रेंजवर नेलेली बॅग, जॅकेट, पँट यातलं काही सोबत आणू नको, आणायचंच असंल तर प्रत्येक खिसा उलटा करून बघ. एक काडतूस जरी मुंबई विमानतळावर एक्स-रेत दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात, चुकून राहिलं हे सांगण्यात सुट्टीचे पंधरा दिवस जातात. रिकामी केस किचेन म्हणून आवडते पोरांना, तीसुद्धा नको.